एकटीची सही

दिल्लीत अंतराळ धोरण मंजूर झालं, त्या दिवशी बाईंनी अलिबाग-रेवस एस.टी.त पेढे वाटले.

मी त्याच गाडीत होते. अलिबागच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली तारखा मागायला नुकती कुठे शिकत होते आणि संध्याकाळची थळला घरी चालले होते. पुढच्या सीटवरून एक बुटक्या, करड्या केसांच्या बाई उठल्या. धावत्या गाडीत एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हाताने पेढ्यांचा पुडा पुढे करत त्या मागे मागे येऊ लागल्या. कंडक्टरने पेढा उचलला आणि विचारलं, "नातू का नात?"

"धोरण," बाई म्हणाल्या.

"काय?"

"धोरण झालं. खा."

रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसलेल्या एका कोळणीने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "आमाला काय त्याचा?" बाई तिथेच उभ्या राहिल्या आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागल्या. आजवर रॉकेट उडवायचं ते सरकारने. खाजगी कारखान्यांनी फार तर त्याच्या टाक्या, नळ्या, नट-बोल्ट करून द्यायचे आणि बाजूला व्हायचं. आता कुणीही कंपनी काढून आपलं रॉकेट बनवू शकेल, उपग्रह सोडू शकेल, उड्डाणासाठी सरकारची जागासुद्धा मागू शकेल. "तुझा नातू रॉकेट करील," त्या कोळणीला म्हणाल्या.

"त्याला आधी धाव्वी तं होऊ दे," ती म्हणाली. गाडी हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांना ते खरंच वाटत होतं.

माझ्यापाशी आल्यावर त्यांनी पेढा द्यायच्या आधी माझ्या काळ्या कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली. "टेरिकॉट," त्या म्हणाल्या, एखाद्याचा आजार ओळखावा तशा. मग, "वकील आहात? परवानग्यांचं काम जमेल?"

बाईंशी माझी ओळख झाली ती अशी. पुढे काही महिन्यांत, त्या काम करत होत्या त्या नव्या रॉकेट कंपनीत मी परवानग्या बघायला लागले, आणि त्या मला शेवटपर्यंत 'वकीलीणबाई' म्हणत राहिल्या.

त्या मूळच्या किहीमच्या. नारळ-सुपारीची वाडी, कौलारू घर, घरात निवृत्त शिक्षक असलेले थोरले भाऊ. लग्न केलं नव्हतं. सारं आयुष्य दक्षिणेत, सरकारी कारखान्यात रॉकेटचं घन इंधन बनवण्यात गेलं होतं. त्या मात्र इंधन म्हणत नसत. त्या म्हणत 'पीठ'. दिसायलाही ते तसंच असतं, भिजवलेल्या कणकेसारखं, करडं आणि जड. "आज पीठ मळायचंय," असं त्या म्हणाल्या की त्या दिवशी आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलत नसे.

आमची जागा म्हणजे रेवसच्या बाजूला, खाडीकाठच्या खाजणात बंद पडलेला एक बर्फाचा कारखाना. जुन्या इमारतीत ऑफिस, आणि लांब, मातीच्या उंच बांधापलीकडे पिठाची शेड. गेटवर बाईंनी तांब्याची एक पट्टी ठोकून घेतली होती. आत येणाऱ्या प्रत्येकाने तिला तळहात लावायचा, अंगातली वीज जमिनीत सोडायची. सुती कपड्यांखेरीज आत प्रवेश नाही. त्या स्वतः जुन्या सुती साड्या नेसत आणि केसांना आकडा न लावता साडीच्याच फाटक्या काठाची चिंधी बांधत. एकदा मुंबईहून एक गुंतवणूकदार रो-रो बोटीत गाडी घालून आले. अंगात चकचकीत, सरसर वाजणारा ट्रॅकसूट. बाईंनी गेटवरच्या खोलीतून धुऊन विटलेला एक लेंगा आणि सदरा आणला आणि त्यांच्या हातात दिला. "हे घाला, नाहीतर इथूनच रॉकेट बघा." तो गृहस्थ सबंध दुपार त्या आखूड लेंग्यात फिरला. पैसे मात्र त्याने दिले. जाताना म्हणाला, "ह्या बाई असेपर्यंत मला काळजी नाही."

'आग' हा शब्द त्या उच्चारत नसत, कुणाला उच्चारू देत नसत. त्या 'ती' म्हणत. "ती विचारून येत नाही." "तिला कारण लागत नाही, सबब पुरते." नवीन मुलांना त्या असं काही सांगू लागल्या की वाटावं, गावातल्या कुणा वाईट बाईबद्दल बोलतायत. पीठ मळायच्या दिवशी त्या घरी देवापुढे दिवासुद्धा लावत नसत. भाऊ वैतागत. "अगं, देव काय म्हणतील?" ह्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "देवांना माझं काम ठाऊक आहे."

आणि एक सवय होती, तिच्यामुळे आमची मुलं त्यांना मनातून भीत. सकाळी त्या गेटवर उभ्या राहून येणाऱ्याचा चेहरा बघत. नुसता बघत. एखाद्याचं घरी भांडण झालेलं असे, एखाद्याचं पोर तापाने फणफणलेलं असे, एखादा नुसताच कसल्या तरी विचारात असे. बाई म्हणत, "आज तुझं डोकं इथे नाही. परत जा. पगार कापणार नाही कुणी." वाद घातला तर, "घाई घरी ठेवून यायची. आणि काळजी पण." मालकालासुद्धा त्यांनी एकदा असं परत पाठवलं होतं.

मालक म्हणजे अद्वैत. पुण्याचा मुलगा, परदेशात शिकलेला, तिशीही न गाठलेला. हुशार होता, मनाने वाईट नव्हता. बाईंना 'मॅडम' म्हणायचा आणि त्यांच्यासमोर खुर्चीत नीट बसायचा.

सरकारी नोकरी का सोडली, हे मी बाईंना एकदा विचारलं होतं. आम्ही बर्फाच्या कारखान्याच्या धक्क्यावर डबा खात बसलो होतो. तिथे त्यांनी एक नवं पीठ कागदावर सिद्ध केलं होतं. नेहमीच्यापेक्षा मऊ राहणारं, थंडीत तडकणार नाही असं. "माझ्या मते त्याहून चांगलं अजून कुणी केलेलं नाही," त्या म्हणाल्या. त्यात बढाई नव्हती. पण ते कधी उडालंच नाही. एक समिती बसली, मग तिच्यावर दुसरी.

"नाही म्हणायचं नाही कुणी," बाई म्हणाल्या. "पुढच्या बैठकीत बघू, असं म्हणायचे. एका कागदावर दहा सह्या लागायच्या. नवव्या सहीपर्यंत पहिला माणूस निवृत्त व्हायचा."

"आणि इथे?"

"इथे सही एकच. माझी."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला त्यांच्या वयाचा विसर पडला. धोरणाने देशाचं काय व्हायचं ते होवो, ह्या बाईंना त्याने आयुष्य परत दिलं होतं. आपलं पीठ एकदा तरी आकाशात गेलेलं बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं. ते त्या लपवतही नसत.

आता जनार्दनबद्दल सांगायला हवं.

जनार्दन शेजारच्या कोळीवाड्यातला. उमेदीची वर्षं ट्रॉलरच्या इंजिनावर काढलेली, मग ह्याच बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर. कारखाना बंद पडल्यावर रिकामा होता. बाईंनी त्याला मिश्रणयंत्रावर घेतलं. लहान लहान हालचाली करणारा, कमी बोलणारा माणूस. बाईंना असाच हवा होता. इतरांना त्या दहा वेळा समजावत. जनार्दनला नुसती मान हलवलेली पुरे. तो त्यांना 'बाय' म्हणे, त्या त्याला 'जना'.

बाईंचं घर शाकाहारी, पण रोज दुपारी त्या जनार्दनच्या डब्यातलं कालवण खात आणि आपला मेतकूट-भात त्याच्यापुढे सरकवत. तो मेतकूट-भात त्याला मुळीच आवडत नसे, पण संपवायचा. त्याची बायको यमुना मासळी विकायची. हे कळल्यापासून ती बाईंच्या वाटणीची एक तुकडी डब्यात जास्त घालू लागली. पापलेट निघालं की खास निरोप यायचा, "बायला सांगा, शिलं न्हाय, आजचाच हाय." यमुनेला बाईंनी आणि बाईंना यमुनेने तोवर एकदाच पाहिलं होतं, तेही लांबून, नारळी पौर्णिमेला.

उड्डाणाची जागा सरकारी होती, धोरणामुळे आमच्यासारख्यांना खुली झालेली. पण ती मागणारे आता पुष्कळ झाले होते. आम्हाला जो आठवडा मिळाला होता तो हुकला, तर पुढची पाळी कधी येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. गुंतवणूकदारांना तो आठवडा सांगून झाला होता. अद्वैत रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभा राहायचा.

शेवटचं पीठ ओतून झालं होतं. हे ओतणं म्हणजे रॉकेटच्या नळकांड्यात पीठ भरायचं आणि मधोमध धातूचा एक लांब दांडा उभा ठेवायचा. पीठ घट्ट झालं की तो दांडा हळूहळू वर ओढून काढायचा. जी पोकळी उरते, तिच्यातून ते जळतं. सगळ्या कामातलं धोक्याचं काम हेच, कारण दांडा पिठाला घासत निघतो. म्हणून ते यंत्राने करायचं, माणसांनी बांधामागे थांबून. दांडा अडला तर आत जायचं नाही. थांबायचं. एक दिवस, दोन दिवस, लागला तर आठवडा. तरीही निघाला नाही तर ते सगळं नळकांडं फेकून द्यायचं. हा नियम बाईंनीच लिहून भिंतीवर लावला होता.

दांडा अर्ध्यात अडला. यंत्राची पकड त्याच्यावरून निसटली.

मी तेव्हा ऑफिसात होते, म्हणून पुढचं मला बाईंच्याच तोंडून कळलेलं आहे. बांधामागे बाई आणि जनार्दन दोघेच होते. बाकीच्यांना त्यांनी लांब पाठवलं होतं. अद्वैतने फोनवर विचारलं, "किती वेळ लागेल, मॅडम?" एवढंच विचारलं. आत जा, असं तो म्हणाला नाही. हे बाईंनी नंतर प्रत्येक ठिकाणी सांगितलं. त्या बराच वेळ शेडकडे बघत बसून राहिल्या. पकड हाताने परत बसवायची, एवढंच काम होतं. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी जाऊन बसवून येते."

जनार्दन म्हणाला, "बाय, तुमच्या हातानी न्हाय व्हायाचा त्यो. जड हाय. मी जाऊ?"

बाई म्हणाल्या, "जा."

त्या दिवशी सकाळीसुद्धा त्या गेटवर उभ्या राहून सगळ्यांचे चेहरे बघत होत्या. त्यांचा चेहरा बघून त्यांना परत पाठवणारं तिथे कोणी नव्हतं.

ऑफिसात आम्हाला आवाज मोठा असा ऐकू आलाच नाही. खिडक्यांच्या काचा आधी पांढऱ्या झाल्या, मग हादरल्या. आम्ही धावलो. बांधावरून पलीकडे पाहिलं तेव्हा शेड नव्हती, आणि बाई त्या जागेकडे चालत निघाल्या होत्या. धावत नव्हत्या, चालत होत्या. दोघा मुलांनी त्यांना ओढून आणलं तोवर त्यांनी तापलेले पत्रे दोन्ही हातांनी बाजूला केले होते. "जना आत आहे," एवढंच त्या म्हणत होत्या.

जनार्दनचं जे मिळालं ते चादरीत बांधून यमुनेकडे नेलं. मी गेले होते. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

बाईंचे हात बरे व्हायला फार दिवस लागले. बरे म्हणजे काय, जखमा भरल्या. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून आखडली. पीठ ज्या बोटांच्या चिमटीत धरून त्या सांगत, की अजून मळायला हवं, ती बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत.

त्या इस्पितळातून घरी आल्या त्या आठवड्यात अद्वैत त्यांना भेटायला किहीमला गेला. मला बरोबर नेलं. चौकशी सुरू झाली होती आणि कंपनीचं म्हणणं लिहून द्यायचं होतं. अद्वैतने मुंबईच्या मोठ्या वकिलांचा सल्ला घेतला होता. भाऊंनी पाणी आणून ठेवलं. बाई पडवीत, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

अद्वैत खाली बघून बोलू लागला. "मॅडम, तिथे तुम्ही दोघंच होता. नियम भिंतीवर लावलेला होता. तो सगळ्यांना माहीत होता. जनार्दनलाही. तो स्वतःहून आत गेला, असं असू शकतं."

"तो विचारून गेला."

"मॅडम, तो आता परत येणार नाहीये. पण कंपनी वाचली तर बाकीच्यांची घरं वाचतील. तुम्ही वाचाल. तुमचं पीठ उडेल." हे म्हणताना तो रडत होता. मला त्या क्षणी त्याचा रागही येईना.

भाऊ दारात उभे होते. ते म्हणाले, "तो मुलगा तुझ्या भल्याचंच सांगतोय गं."

बाईंनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्या मला म्हणाल्या, "वकीलीणबाई, लिहा. मी त्याला जा म्हटलं. जायला नको हे मला माहीत होतं. तरी मी जा म्हटलं. अद्वैतने सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. एवढंच लिहा आणि माझ्या अंगठ्यापुढे धरा. सही मला आता येत नाही."

"बाई, ह्याचा अर्थ काय होतो, कळतंय ना तुम्हाला?" मी विचारलं.

"मेलेल्या माणसावर टाकायला निघाला आहात तुम्ही. त्याचा अर्थ तुम्हाला कळतोय का?"

ते लिहून घेतलं, आणि ते कंपनीच्या सोयीचंच निघालं. एका जबाबदार अधिकाऱ्याने नियम मोडल्याचं स्वतः मान्य केलं, म्हणजे बाकी सगळे सुटले. निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा एकट्या बाईंवर दाखल झाला. कंपनीने त्यांना काढलं. यमुनेला कायद्याने जे देणं होतं ते दिलं. वर्ष उलटायच्या आत अद्वैतने कंपनी दक्षिणेतल्या एका मोठ्या कंपनीला विकली. माणसं, यंत्रं, आणि बाईंचं पीठही. पीठ बाईंचं नव्हतंच. इथल्या नोकरीत असताना प्रत्यक्ष केलेलं म्हणून ते कंपनीचं होतं. मीही नोकरी सोडून कोर्टात परत आले.

त्यामुळे बाईंच्या तारखांना मी असायची. त्यांचे वकील दुसरे होते; मी कंपनीत होते म्हणून मला त्यांचं वकीलपत्र घेता येत नव्हतं. त्या वकिलांना बाईंनी पार जेरीला आणलं. ते म्हणत, मॅडम, तुम्ही फक्त गप्प राहा, पुरावा काही नाही, तुमचा तो जबाब मी टिकू देत नाही. बाई म्हणत, "टिकला पाहिजे." ते डोक्याला हात लावत.

"तुम्हाला शिक्षा हवीय का?" मी एकदा चिडून विचारलं.

"निकाल हवाय," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तिथे दहाजण होते अडवायला. त्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली. इथे एकटी मी होते, आणि मलाच हो म्हणायचं होतं."

धोरणाबद्दल मात्र त्या कधी वाईट बोलल्या नाहीत. कोर्टाच्या आवारात कुणी म्हणालं, खाजगीवाल्यांच्या हातात दिलं की असंच व्हायचं, तर त्या उसळून म्हणाल्या, "खाजगीवाल्याने नाही मारलं. मी मारलं. सरकारात असते तरी मीच असते." खरं काय ते मला अजून ठरवता येत नाही. सरकारात त्यांच्या मागे कुणीतरी 'पुढच्या बैठकीत बघू' म्हणालं असतं आणि जनार्दन आज कालवण खात असता, असं मला वाटतं. पण मग ते पीठही कागदावरच राहिलं असतं, आणि त्या झिजून झिजून निवृत्त झाल्या असत्या.

प्रत्येक तारखेला यमुनाही यायची. तिला समन्स नसे, साक्ष द्यायची नसे, तरी यायची. सकाळची मासळी जावेकडे सोपवून एस.टी.ने यायची आणि कोर्टाच्या व्हरांड्यात लाकडी बाकाच्या एका टोकाला बसायची. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बाई. व्हरांड्यात बाक एकच होता. कित्येक महिने दोघींनी एकमेकींकडे मान वळवली नाही. पुकारा होई, पुढची तारीख पडे, यमुना उठून निघून जाई.

एकदा दुपारी न्यायाधीश साहेब जेवायला उठले होते. व्हरांडा रिकामा होता. यमुना समोर बघतच म्हणाली, "त्यो सेवटचा काय बोलला?"

मी दोघींच्या मध्ये उभी होते. बाजूला झाले.

बाई म्हणाल्या, "पकड जड आहे म्हणाला. मी जाऊ, असं विचारलं."

"इचारला?"

"हो."

"मंग तुमी काय बोल्ल्या?"

"मी म्हटलं, जा."

यमुनेच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती, ती तिने उगाच सोडली, परत बांधली. मग म्हणाली, "तुमी नको बोलल्या असत्या तं त्यो न्हाय गेला असता. तुमचा शबुद त्यानं कंदी मोरला न्हाय. माजा मोरायचा."

"माहीत आहे मला."

"मी रोज तुमच्या वाट्याचा घालायची डब्यान."

यमुना उठली आणि व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. त्यानंतर ती त्या बाकावर कधीच बसली नाही. उभी राहायची.

रॉकेट उडालं तेही एका तारखेच्याच दिवशी. त्या मोठ्या कंपनीने उडवलं, दुसऱ्या नावाने, पण आत पीठ बाईंचं होतं. व्हरांड्यात एका शिकाऊ वकिलाने मोबाइलवर लावलं होतं. चारजण भोवती जमले होते. मी बाईंना सांगितलं. त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण आल्या. त्या मुलाच्या खांद्यामागून त्यांनी छोट्या पडद्यावर पाहिलं. एक पांढरी रेघ वर गेली, वाकली, बारीक झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलणारा माणूस सांगत होता, की देशाच्या खाजगी क्षेत्रासाठी हा अभिमानाचा दिवस आहे.

"नीट जळलं," बाई म्हणाल्या.

मला वाटलं त्या रडतील. त्या परत जाऊन बाकावर बसल्या आणि आखडलेला हात पदराखाली घेतला. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "मला वाटलं होतं, काहीतरी वाटेल."

ह्यानंतर त्या झपाट्याने खचल्या. खाणं सुटलं. भाऊ फोन करून मला बोलावत. मी किहीमला जाऊन बसे. पडवीत बसून त्या वाडीकडे बघत राहत. बोलायच्या त्या तारखेबद्दलच. आता साक्षी किती राहिल्या, साहेबांची बदली होईल का, निकाल पावसाळ्याआधी लागेल का. शेवटच्या दिवसांत छाती कफाने भरली होती, अलिबागच्या इस्पितळात नेलं होतं. तिथेही त्यांनी मला विचारलं, "मी गेले नाही तारखेला तर निकाल लावतील ना?" मी 'हो' म्हटलं. वकील म्हणून मला माहीत होतं, की आरोपीच हयात नसेल तर निकाल लागत नाही. पण त्या वेळी त्या कसं विचारत होत्या हे ज्याने पाहिलं असतं, त्यानेही 'हो'च म्हटलं असतं.

निकाल महिन्याभरावर आला असताना बाई गेल्या. भाऊंनी अग्नी दिला. आमच्या जुन्या कंपनीतली काही मुलं आली होती. अद्वैत आला नाही. तो परत परदेशात गेला होता. यमुना आली नाही.

नंतरच्या तारखेला बाईंच्या वकिलांनी मृत्यूचा दाखला दिला. साहेबांनी तो वाचला, सरकारी वकिलांना हरकत आहे का विचारलं, त्यांनी नाही म्हटलं. आरोपी मयत झाल्याने प्रकरण बंद. एवढं व्हायला शिपायाला पुढच्या प्रकरणाची फाइल काढायला लागतो तेवढाच वेळ लागला. बाहेर पुढचा पुकारा झाला.

यमुना नेहमीच्या जागी, खांबाला टेकून उभी होती. बाई गेल्याचं तिला कळलेलं होतं, तरी ती आली होती. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "झाला?"

"झालं," मी म्हटलं. "बंद झालं. आता यायला नको तुम्हाला."

"पन साहेब काय बोलला?"

"काही नाही. त्या नाहीत ना आता. माणूस गेलं की केस संपते."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कळलं नव्हतं की ते मान्य नव्हतं, हे मला समजेना. व्हरांड्यातून पक्षकार जात-येत होते, तिला धक्के लागत होते, ती हलली नाही.

"मंग चूक कुनाची व्हती," ती म्हणाली, "ता आता कोन सांगनार?"

मी तिचा हात धरून तिला आवाराबाहेर एस.टी.च्या थांब्यापर्यंत नेलं. गाडी आली, तिला चढवलं. खिडकीत बसल्यावर तिने मान बाहेर काढून परत तेच विचारलं. गाडी सुटली.